बटाट्यांचा निकाल

आमच्या घरी भांडी कोणी घासायची, हे एकदा उकडलेल्या बटाट्यांनी ठरवलं.

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये पोट बिघडायची साथ आली होती आणि नेमकी भांडीवाली बाई गावी गेली होती. मी कारखान्यात फोरमन, त्यामुळे कोणी न विचारता सूचना द्यायची सवय. लेकीचं, मीनूचं, नववीचं विज्ञान चाळून मी जेवताना सुरू झालो. "जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. गोल तो कोकस, काडीसारखा बॅसिलस, पिळाचा स्पायरिलम. आपल्या हातांवर तर त्यांची जत्राच असते."

"माझ्या नाही रे," आई म्हणाली. "मी सोवळ्यात स्वयंपाक करते."

"तुझ्याही."

"आणि तुमच्या?" सुनंदानं, म्हणजे बायकोनं, आमटी वाढता वाढता विचारलं.

"बाबा, टेस्ट कर लेते हैं ना," मीनू म्हणाली. "मॅम म्हणतात, उबले आलूवर मस्त वाढतात."

पैज ठरली. ज्याच्या बटाट्यावर जास्त जिवाणू, त्यानं बाई येईपर्यंत भांडी घासायची. दुसऱ्या दिवशी बटाटे उकडले, तेव्हा मी नुकताच ड्यूटीवरून आलो होतो. रोजच्यासारखे रॉकेलच्या बोळ्यानं हात पुसून. प्रत्येकानं आपापल्या फोडीवर बोटं दाबली आणि डब्यांना झाकणं लागली.

दोन-तीन दिवसांनी डबे उघडले. आईच्या फोडीवर पिवळे, चकचकीत ठिपके.

"एकटा जिवाणू डोळ्यांना दिसत नाही," मी समजावलं. "एकाचे लाखो झाले, की असा ठिपका दिसतो."

"बोटं दाबली त्या दिवशी माझा एकादशीचा उपास होता रे, तरी हे?" आई हळूच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. (मग मी माझा डबा उघडला आणि वाईट वाटायचं थांबलं.) फोड कोरी करकरीत! सुनंदा आणि मीनूच्या फोडींवरही ठिपके होतेच.

सुनंदानं माझी फोड नाकाशी नेली. "रॉकेल," ती शांतपणे म्हणाली. "आईंच्या हातावर लाखो जीव सुखानं नांदले. यांच्या हातावर एकही जगला नाही."

"म्हणजे जिंकलो मीच ना?"

"तुम्हीच. साथ चालू आहे, भांडी निर्जंतुक निघायला हवीत. असे हात घरात दुसऱ्या कोणाचे आहेत?"

"फक्त घासायच्या आधी हात साबणानं धू," आई म्हणाली.

बाई परत येईपर्यंत मी रोज मोरीत बसून कढया खरवडल्या. पैज आपणच जिंकलोय, असं तिथे मी स्वतःला बजावत असे. अर्थात कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडून.