ऑर्गनखालचं माझं संगीत शिक्षण

मी तीन वर्षं गाणं शिकले, आणि ती तिन्ही ऑर्गनखाली.

आत्या संगीत नाटकांत नायिका होती. कंपनी बंद पडली तशी ती आपला ऑर्गन घेऊन बेंगळूरला, पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, आमच्या घरी आली. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, नाटक म्हटलं की घाम फुटे. त्यांनी मोठ्या बहिणीला माजघर दिलं आणि अट घातली.

"अक्का, शिकवायचंच तर घरातल्या मुलीला शिकव. बाहेरच्या पोरी आल्या की लोक म्हणतील, कापडवाल्यानं नाटक कंपनी काढली."

घरातली मुलगी म्हणजे मी एकटी. आत्यानं माझा सा ऐकला, पुन्हा ऐकला, आणि म्हणाली, "बाई गं, हात मजबूत आहेत हो तुझे."

ऑर्गनचा भाता पायांनी चालवायचा असतो आणि तिचे गुडघे गेलेले. तेव्हा मी खाली बसून दोन्ही फळ्या हातांनी दाबायची, आत्या वर वाजवायची, आणि गायची मात्र गल्लीतल्या फुलवालीची मुलगी. ती 'माझ्याशी खेळायला' येई. तिला मराठी येत नव्हतं. आत्या एकेक शब्द कानडीत समजावून द्यायची आणि वर दटावायची, "स्वल्प जोरात! शेवटच्या रांगेतला माणूसही माणूसच आहे."

अण्णा दुपारी दुकानातून जेवायला येत, तेव्हा बंद दाराआडून गाणं ऐकत. एकदा मला म्हणाले, "गळा अगदी माझ्या आईचा घेतलास." मी खोटं बोलले नाही. नुसती फुगले. त्या गणपतीत त्यांनी तिथल्या मराठी समाजाच्या कार्यक्रमात माझं गाणं जाहीर करून टाकलं. चिटणीस तेच होते!

मी रडत आत्याकडे गेले. "खरं सांगून टाकू?"

"सांगितलंस तर उद्यापासून पोरीचं येणं बंद. घरात नाही म्हणणं सोपं असतं. भरल्या सभागृहात म्हणू दे त्याला."

माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले, नमस्कार केला आणि सरळ ऑर्गनखाली शिरले. लोक खो खो हसले. मग फुलवालीची मुलगी पुढे येऊन गायली, आणि हसू थांबलं. पद संपलं तरी कुणाला टाळ्या सुचेनात. पहिल्या रांगेत अण्णा उभे राहिले, लालबुंद.

"अक्का, ही कोण?"

"माझी शिष्या."

"खाली उतरव तिला."

"मला आजवर प्रेक्षकांनी उतरवलं नाही. तू कोण रे?"

तेवढ्यात माझ्या आयुष्यातला एकमेव जाहीर कार्यक्रम झाला. मी ऑर्गनखालून डोकं काढलं आणि ओरडले, "वन्स मोअर!" बेसूरच, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. तिथून ते परत आलं, दसपट मोठं होऊन. वन्स मोअर आला की पुन्हा गायचंच, हा आत्याच्या कंपनीतला नियम. मी फळ्या दाबल्या. अण्णा तेवढा वेळ उभेच होते. दुसऱ्या कडव्याला बसले.

दुसऱ्या दिवशी जेवायला आले तर दारात फुलवालीच्या मुलीच्या चपला, आणि माजघराचं दार आत्यानं सताड उघडलेलं. अण्णा ताट घेऊन उंबऱ्याशीच बसले. बराच वेळ भात कालवत राहिले.

"दार लावू नका यापुढे. ऐकू येत नाही नीट."

"सरी, बरं," आत्या म्हणाली. "उद्या आणखी दोघी येतायत."

ऑर्गनखालून मी हिशेब केला. म्हणजे माझी सुटका नव्हतीच.