मानपाड्याचा घाणेरडा स्पंज

परवा डोंबिवलीच्या मानपाड्याहून ठाण्यात वर्तकनगरला एक घाणेरडा स्पंज पोहोचवायचा होता... आणि आयुष्यात पहिल्यांदा मी रस्त्यात कुठेही थांबलो नाही.

माझी मावसबहीण निकिता. तिच्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे, त्यात दोन क्लाउनफिश, पोरांसारखे वाढवलेले. ती गेलेली नाशिकला, आणि घरी पाहुणे येणार म्हणून मावशीने आदल्या दिवशी फिल्टर काढून नळाखाली घासला. अगदी लख्ख! सकाळी बघते तर मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतायत.

निकिताचा मला फोन. रडत होती. "फिल्टरमधले बॅक्टेरिया मेले रे सगळे! माशांच्या घाणीचं विष तेच संपवतात. मानपाड्याच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून त्यांच्या खाऱ्या टाकीतला जुना स्पंज घे, त्यात ते जिवंत असतात, आणि पळ!" मी डोंबिवलीतच उंडारत होतो...

दुकानवाल्याने काळपट, बुळबुळीत स्पंज खाऱ्या पाण्यासकट डब्यात दिला. "एका जातीचे बॅक्टेरिया अमोनिया, म्हणजे ते घाणीचं विष, खातात, त्यातून उरतं ते दुसऱ्या जातीचे. समुद्रात पण हेच चालतं भावा, म्हणून तिथे मासे जगतात. झाकण सैल ठेव, यांना पण हवा लागते. आणि गोडं पाणी लागलं की खल्लास."

डबा जॅकेटमध्ये पोटाशी बांधला आणि बाईक काढली. काटईला गरम भजी तळत होते... एरवी तिथेच तासभर गेला असता. शिळफाट्याला ट्रॅफिक ठप्प. निकिताचा परत फोन, "आई म्हणतेय एक आडवा झालाय." मी ट्रकांच्या मधून बाईक काढली.

निकिताच्या घरी पोहोचलो. मावशीने डबा घेतला, आत बघितलं. "शी! हे टाकीत घालायचं? थांब, आधी धुते." सरळ सिंककडे. नळ सुरू पण केला.

"मावशी, विरजण आहे ते!" मी ओरडलोच. "विरजण कोणी धुतं का?"

ती थबकली. नळ बंद केला. मग स्वतःच्या हाताने स्पंज फिल्टरमध्ये बसवला, दुधाला विरजण लावतात तसा... हळूच.

निकिताने ड्रममध्ये साठवलेलं खारं पाणी घालून टाकीतलं पाणी थोडं थोडं बदलत आम्ही टाकीसमोर बसलो. पाहुणे आले, तेही चहा विसरून तिथेच बसले. दिवेलागणीला आडवा झालेला मासा हलला... मग सरळ झाला. मावशी काचेला नाक लावून पुटपुटली, "लागलं गं बाई..."

त्या स्पंजमधला एकही जण मला दिसला नाही. तरी सगळ्यांना मनापासून थँक यू... समुद्रात असे किती जण, कोणाला न दिसता, सगळ्यांचं निस्तरत बसलेले असतील!