चुडा गप्प झाला तेव्हा

शालिनीताई डॉक्टरांना साठ वर्षं पूर्ण झाली, त्यांच्यावर पुस्तक निघतंय, तुम्हीही लिहा, असं दवाखान्यातल्या पोरी म्हणाल्या. मी चौथी शिकलेली. गोड लिहिणारे बाकीचे पुष्कळ असतील. मी झालं तसं लिहिते.

डॉक्टरांची माझी पहिली गाठ वडूजच्या त्यांच्या दवाखान्यात पडली, आणि ती भांडणाची. माझी नातसून सुवर्णा पहिलटकरीण. तिला घेऊन गेले, तर आत पोटुशा बाया गोल करून बसलेल्या. एकमेकींच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजत होत्या, खिदळत होत्या. मी म्हणाले, "आवं डॉक्टरीणबाई, ही तपासणी हाय का हळदीकुंकू? नजर लागंल पोरीला."

डॉक्टर म्हणाल्या, "आजी, तुम्हाला दिवस गेलेत का? असतील तर आत बसा. नसतील तर बाहेर चहा आहे."

सगळ्या हसल्या. मी बाहेर चहा प्यायले. साखर कमी होती.

मला जुनी पद्धत बरी वाटायची. सुनेच्या वेळी रांगेत बसायचो. नंबर आला की एकटीनं आत जायचं. "काही त्रास?" असं विचारलं की मान हलवायची, गोळ्या घ्यायच्या, घरी. सुवर्णानंही तेच केलं असतं. परक्यापुढं तिचं तोंड उघडत नाही. डॉक्टरांच्या या गोल बसायच्या मंडळात मात्र दर महिन्याला त्याच बाया, दिवस मागंपुढं भरणाऱ्या. कुणाचे पाय सुजले, कुणाची सासू काय बोलली, सगळं निघायचं. चारचौघींत बोलवत नाही ते पडद्यामागं; पोटही डॉक्टर तिथं एकेकीचंच तपासत. घाई कधी केली नाही त्यांनी.

आठव्या महिन्यात आम्ही बाजारात भाजी घेत होतो. मंडळातली नंदा भेटली. बोलता बोलता तिनं सुवर्णाचा हात धरला. "काय गं, मंडळात तुझा चुडा लय खळखळत हुता. आज गप का?"

बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. नंदानं विचारल्यावर पोरगी म्हणाली, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे दिसतात. मला नव्हती बोलली. बोलली असती तर मी कामचुकार म्हणाले असते.

मी नंदाला म्हणाले, "सोड तिला. मंडळाची तारीख पुढल्या आठवड्यात हाय."

"तारीख तुमच्याकडंच ठेवा, आजी. असं झालं तर त्याच पावली यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय," म्हणत तिनं सुवर्णाला ओढत नेलं.

पट्टा बांधून बघताच डॉक्टर उठल्या. औषध दिलं, साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात फोन केला, गाडी काढली आणि स्वतः सोबत बसल्या. बांगड्या काढायच्या म्हटल्यावर मी आडवी आले. डॉक्टर हळू बोलल्या, "आजी, चुडा परत भरता येतो." मी बाजूला झाले. गाडीत त्यांनी माझा हात धरला तो सातारा येईपर्यंत सोडला नाही.

दोन जीव सुखरूप सुटले. उशीर झाला असता तर काय, हे साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. सूज उतरल्यावर सुवर्णानं पुन्हा बांगड्या भरल्या. आता पोरामागं पळते तेव्हा घरभर वाजतात. डोकं उठतं माझं. वाजू देत.

शालिनीताई, खूप जगा, हातीपायी धड राहा आणि मंडळ बंद पडू देऊ नका. धाकट्या नातवाच्या बायकोला दिवस गेलेत. पुढल्या महिन्यापासून तिला घेऊन येते. मी आपली बाहेरच बसेन. चहात साखर तेवढी घाला.