बाणावरचं मधलं अक्षर

आमच्या घरात धातूची कुठलीही वस्तू घ्यायची झाली की निवड माझ्याकडं येते. उद्यमनगरात माझं लोखंड कातायचं एक लेथ आहे, त्यामुळं लोखंडातलं मला सगळं कळतं असा पाहुण्यारावळ्यांत समज आहे. तो पसरवला मीच. कुकर मी निवडला, त्याची शिट्टी उडून छताला लागली. सासऱ्यांच्या अंगणाचं गेट मी निवडलं, ते उघडायला आजही दोन माणसं लागतात. तरी लोक विचारायला येतात. कुणी विचारलं की मला बरं वाटतं, हे कबूल केलं पाहिजे. पुढचं सगळं त्या बरं वाटण्यातूनच झालं.

मागच्या थंडीत एका रविवारी सकाळी मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. राधानगरीच्या वाटेवर, जंगलाला लागून त्याची शेती आहे. ऊस, हरभरा, दोन ट्रॅक्टर आणि गल्लीच्या टोकापासून ऐकू येणारा आवाज. त्या दिवशी मात्र तो हळू बोलत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चहा झाल्यावर त्यानं पिशवीतून एक खोका काढला आणि उठून दार लोटून घेतलं.

"दाजी, एवढं जरा बघून द्या की. तुमी लोखंडातलं माणूस."

खोक्यात तीन तऱ्हेची बाणाची टोकं होती, ऑनलाइन मागवलेली. बाणाचं टोक मला नवं नव्हतं. आमची पोरगी सहा वर्षं धनुर्विद्या खेळते आणि सहा वर्षं मी तिच्या मागं पाण्याची बाटली घेऊन उभा आहे. पण तिची टोकं म्हणजे बॉलपेनच्या रिफिलीसारखी, कागदाला गोल भोक पाडून गप बसणारी. ह्या टोकांना पाती होती. दाढीच्या ब्लेडासारखी पातळ, आणि बघताना उगीचच आपला हात आपण मागं घ्यावा अशी.

"कशाला रे ही?"

"सांबरं. कळपच्या कळप येतोय. चार दिवसांत हरभऱ्याचा एक वाफा ठेवला न्हाय."

"मग फटाके लाव."

"लावलं की. आता फटाक्याला माना बी वर करत न्हाईत."

"अरे, पण गुन्हा आहे तो. आत टाकतील."

"मारायचं कुठं म्हणतोय, दाजी? एकाला जरा टोचलं की बाकीची फिरकत न्हाईत. नुसतं भ्या दाखवायचं."

असं म्हणून तो हसला आणि ओठावरून जीभ फिरवली. ते मी पाहिलं. पाहिलं, आणि खोका उजेडाकडं सरकवून घेतला.

धनुष्य त्याच्याकडं आधीच होतं. पोरीनं नवं घेतल्यावर तिचं जुनं, चाकांचं धनुष्य मामाची हौस म्हणून मीच देऊन टाकलेलं. ती त्या वेळी म्हणालीही होती, "पप्पा, मामा त्याचं काय करणार?" मी म्हणालो, "फोटो काढेल." फोटो त्यानं काढलेही. पहिल्या आठवड्यात.

बायको पोह्यांच्या बशा घेऊन आत आली. तिनं खोक्याकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "अवो, भ्या दाखवायला पातं कशाला लागतंय?"

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो.

बशा ठेवून ती गेली. त्या खोलीत त्या दिवशी एवढा एकच शहाणा प्रश्न विचारला गेला.

पोरगी सरावाला गेलेली. आम्ही दोघं माझ्या शेडवर गेलो. रविवारची सुट्टी, उद्यमनगरात सगळीकडं शटरं पडलेली. इतर दिवशी जिथं शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, तिथं आमच्या चपलांचा आवाज येत होता. मी व्हर्निअर काढलं आणि एकेक टोक मोजायला लागलो. आता ह्यात मोजण्यासारखं काही नव्हतं. पण मेव्हणा बघत होता.

पहिलं टोक तीन पात्यांचं, पाती पक्की बसवलेली. दुसरं एकाच पोलादी तुकड्यातून घासून काढलेलं, भाल्याच्या फाळासारखं चपटं. दोन्ही साधी, राकट. धनुष्य आणि त्याबरोबर मिळालेला एकुलता एक बाण मेव्हणा घेऊनच आला होता; पोती रचून त्यांवर आम्ही ती मारून बघितली. मेव्हण्याचा बाण एकदा डावीकडं गेला, एकदा वर. पात्यांना वारा लागत होता.

तिसरं टोक मात्र मी हातात घेतलं आणि तिथंच फसलो. त्याची दोन पाती अंगाला मिटलेली होती, कोंबडीनं पंख मिटावेत तशी. हवेतून जाताना ते साध्या टोकासारखं सरळ जाणार, आणि काही लागलं की एक बारीक कडी मागं सरकून पाती फटकन उघडणार. मी ते बोटानं दहा वेळा उघडलं आणि मिटलं. काय ते फिटिंग! केसभर खेळ नाही. असला जॉब मला आयुष्यात जमलेला नाही. हे सांबराच्या मांसात उघडण्यासाठी बनवलंय, हा विचार माझ्या मनात आलाच नाही असं म्हणणार होतो. आला. पण त्याच्या आधी कडीचा विचार आला आणि तिथंच रेंगाळला.

"हेच घे," मी म्हणालो. "सरळ जातंय."

"ठरलं की मग," मेव्हणा म्हणाला. "दाजींचा शब्द."

धनुष्याला जोर किती, हे मी विचारलं नाही. ते धनुष्य चौदा वर्षांच्या पोरीच्या खांद्याला झेपेल असं घेतलेलं. ती पाती उघडण्यातच त्याचा बराचसा जोर संपणार आणि बाण खोल जाणार नाही. लागेल, पण मारणार नाही. हे कुठल्याही लेथवाल्याला एका मिनिटात सुचलं असतं. एकाला सुचलं नाही.

राहिले बाण. घरी येऊन मी पोरीच्या जुन्या नळकांड्यातून पिसं फाटलेले तीन बाण काढून दिले. तिच्या खेळात एक नियम आहे: प्रत्येक बाणाच्या दांडीवर खेळाडूनं आपली आद्याक्षरं लिहायची, म्हणजे निशाणावर कुणाचा बाण कुठला ते कळतं. पोरगी पांढऱ्या पेननं, पिसांच्या जरा पुढं, बारीक सुबक अक्षरांत लिहिते. पहिलं अक्षर तिच्या नावाचं, मधलं माझ्या नावाचं, शेवटचं आडनावाचं. सहा वर्षं मी ती अक्षरं बघत आलोय. त्या दिवशी ती मला दिसलीच नाहीत.

बुधवारी तिन्हीसांजेला फोन आला. मेव्हण्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता आणि रविवारसारखा हळूही नव्हता.

"दाजी, लागलं."

"पडलं?"

"न्हाय. गेलं."

"आणि बाण?"

"बाण घिऊन गेलं."

मी फोन ठेवला आणि देवापुढचा दिवा लावणाऱ्या बायकोकडं बघत बसलो. तेव्हा कुठं ती अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर आली. तिकडं जंगलात एक सांबर चालत होतं आणि त्याच्या अंगात माझ्या पोरीचं नाव रोवलेलं होतं. ते पाण्यावर जाणार, कुणाच्या तरी उसात शिरणार, कुठंतरी पडणार. आणि ज्याला सापडेल त्याला वाचता येत असेल.

पोरीची निवड चाचणी पुढच्या महिन्यात होती. राज्याच्या संघात यायचं म्हणून तिनं कॉलेजचं एक वर्ष सोडलेलं. शिकारीच्या गुन्ह्यात तिच्या नावाचा बाण निघाला तर सहा वर्षं एका दिवसात संपली असती, हे कळायला वकील नको होता.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगताना आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. दारात कुणी खाकी दिसलं की मी मोरीत जायचो. एकदा दहा मिनिटं आत बसलो. बाहेर पोस्टमन होता. शेडवर ऊसवाल्या पाहुण्यांचा फोन आला की विचारायचो, "तोडीत काही सापडलं का?" ते म्हणायचे, "काय सापडायचं, दाजी?" मी म्हणायचो, "काही नाही, आपलं असंच." आणि मग माझं मलाच वाटायचं, की आता हाही माणूस शोधायला लागेल. त्याच आठवड्यात लेथवर एक सोपा बुश, म्हणजे साधं लोखंडी कडं, मी तीनदा खराब केला. पात्यासारखी पातळ पोलादाची कात निघताना बघवत नव्हती.

शनिवारी संध्याकाळी पोरगी सराव करून आली आणि तिनं जुनं नळकांडं जमिनीवर पालथं केलं. नव्या पोरींना शिकवायला तिला जुने बाण हवे होते.

"पप्पा, बारा होते. नऊच आहेत."

"मामानं नेले. दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून."

"बाण?"

"सरळ असतात ना."

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. लांबचं बघायची तिला सवय आहे, मी तर दोन हातांवर होतो. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "सांगा आता. का मी सांगू?"

मी सांगितलं. पोरगी ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "कुठं लागला?"

"मागच्या मांडीला, असं मामा म्हणतो."

"बुधवारी?"

"बुधवारी."

"आज शनिवार," ती म्हणाली आणि जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही मेव्हण्याकडं गेलो. तो आम्हांला शेताच्या वरच्या अंगाला घेऊन गेला. तिथं हरभरा संपतो, मग उसाचं एक रान, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडं जंगल. सगळं गप होतं. उसाच्या आत वारा नव्हता तरी पाती मधूनच हलल्यासारखी वाटायची आणि मेव्हणा दर वेळी थांबायचा. तो दोन ट्रॅक्टरांचा माणूस त्या दिवशी माझ्या मागून चालत होता. मी त्याच्या मागं जायला बघत होतो, त्यामुळं आम्हांला वेळ लागला.

पोरगी पुढं होती. ती खाली बघत चालली होती. उसाच्या कडेला वाळलेल्या पाचोळ्यावर काळे पडलेले ठिपके होते. एक, मग चार पावलांवर दुसरा. ओढ्याच्या चिखलात तीन खुरांचे ठसे स्वच्छ होते. चौथा पाय ओढत नेल्याची रेघ होती.

करवंदीच्या जाळीत ती वाकली आणि काहीतरी ओढून काढलं. बाणाचा मागचा अर्धा भाग. दांडी मधोमध मोडलेली. फाटकी पिसं, आणि त्यांच्या पुढं तीन पांढरी अक्षरं.

मी खाली दगडावरच बसलो. मेव्हण्याचा आवाज लगेच परत आला.

"सुटलो की, दाजी! आण हिकडं पोरी, चुलीत घालतो. इषय संपला."

"विषय कसा संपला?" पोरगी म्हणाली.

"अगं, तुझं नाव गावलं न्हवं?"

"नाव गावलं. पुढचं पातं कुठंय, मामा?"

मामानं ओढ्यापलीकडं बघितलं. मी आयुष्यात पहिल्यांदाच एका प्रश्नाचं उत्तर माहीत असून बोललो नाही.

"ते त्याच्या अंगात हाय," तीच म्हणाली. "आणि सांबर जितं असंल तर चार दिवस त्ये घिऊनच चालतंय." ती घरात कधी अशी बोलत नाही. मामाच्या भाषेत बोलली, म्हणजे त्याला कळावं म्हणून.

तिनं बाण ओढणीत गुंडाळला आणि खाली रस्त्याकडं चालायला लागली. वनखात्याचं हापीस तिथून तीन किलोमीटर. मी मागून पळत होतो आणि बोलत होतो. "हे बघ, चाचणी होऊ दे. मी फोन करतो, नाव न सांगता. अगं, बाण तरी घरी ठेव." तिनं एकदाच मागं वळून पाहिलं. "नाव न सांगता कोण शोधायला येतंय, पप्पा? कुठून सुरुवात करायची ते कोण दाखवणार?"

टेबलापाशी एक वयस्कर वनपाल होता. त्यानं ओढणी उलगडली, बाण बघितला, चष्मा लावून अक्षरं वाचली.

"कुणाचा बाण?"

"माझा," ती म्हणाली. "मारला मी नाही. पण माझा आहे."

"पूर्ण नाव सांगा."

तिनं आपलं नाव सांगितलं. मग माझं. मग आडनाव. वनपालानं मधल्या नावापाशी पेन थांबवलं.

"हे वडील? कुठं असतात?"

"हे काय, बसलेत."

मी उठून उभा राहिलो. काही ठरवून नव्हे. शाळेत हजेरीला नाव घेतलं की उभं राहायची सवय. उभा राहिलोच आहे तर म्हणालो, "पातं मी निवडलं. बाण मी दिले. तिला काही माहीत नव्हतं." मेव्हणा दाराबाहेर होता, त्यालाही आत यावं लागलं.

त्याच दुपारी चार माणसं शोधायला निघाली. पोरगी त्यांच्याबरोबर करवंदीच्या जाळीपर्यंत गेली. सांबर मंगळवारी सापडलं, ओढ्याच्या वरच्या अंगाला, पाण्यात तोंड घालून पडलेलं. मादी होती, फार वयाची नव्हे. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की ती सोमवारपर्यंत जिवंत असावी. बुधवारपासून मी मोरीत लपलो नसतो तर ती वाचली असती, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मीच धरून चालतो.

मेव्हणा आणि मी सध्या जामिनावर आहोत. पोरीनं संघटनेला सगळं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. त्यांनी तिला चाचणीला उभं राहू दिलं आणि ती संघात आली. खटल्याच्या कागदांत तिचं नाव आहेच. आमच्या विरुद्धच्या साक्षीदारांत, सगळ्यांत वर. तारखेला आम्ही तिघं एकाच एसटीनं जातो. मेव्हणा मागं बसतो.

सांबर सापडलं त्या मंगळवारी वनखात्यानं आम्हांला बाणाची ओळख पटवायला बोलावलं होतं. टेबलावर पांढऱ्या कापडावर बाणाचा पुढचा तुकडा ठेवलेला होता, धुतलेला. माझं पातं. त्याची एक बाजू पूर्ण उघडलेली होती आणि दुसरी मिटलेलीच. कडी मध्येच कुठंतरी अडकलेली. का अडकली असेल? जोर कमी पडला, का खोबणीत काही गेलं? मी वाकलो. माझा हात आपोआप पुढं गेला, बोटानं ती दुसरी बाजू जरा उघडून बघावी म्हणून.

"पप्पा," पोरगी म्हणाली, "हात लावू नका."