टाकी, साहेब आणि सहा एंजल

आमच्या ऑफिसात फायलींपेक्षा माशांचे किस्सेच जास्त साठलेत. डब्याच्या वेळी एखादा निघाला की सगळे पोट धरून हसतात. मला अजून राग येतो, कारण प्रत्येक वेळी निस्तरायला मीच होते!

अंबडला आमचा मशीनचे पार्ट बनवायचा कारखाना. मी क्वालिटीत, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. रिसेप्शनमध्ये चार फुटी टाकी, त्यात सहा एंजल मासे. हौसेने मीच सांभाळते. दीड वर्षं कुणी कुणाच्या वाटेला गेलं नाही. मग दोघांची जोडी जमली, त्यांनी फिल्टरच्या पाइपाजवळचा कोपरा धरला आणि उरलेल्या चौघांना सळो की पळो करून सोडलं. एकाचे तर पर पार फाटले.

मी साहेबांकडे टाकीच्या मधे घालायला जाळी मागितली. आमचे साहेब फार शांत, त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकलेला नाही. ते हळूच म्हणाले, "जाळी वाईट दिसते हो, मॅडम. कस्टमरच्या ऑडिटपर्यंत मारामारी थांबली नाही, तर टाकी काढून टाकू."

"आणि मासे?"

"गोदावरी आहे ना!"

सहा जीवांचा निकाल त्यांनी इतक्या गोड आवाजात लावला, की मला त्यांचं टेबल उलटवावंसं वाटलं.

* * *

एचआरचे कुलकर्णी सर म्हणाले, "मी बघतो." दुसऱ्या दिवशी टाकीशेजारी बादली, तीत एक मासा, बादलीवर चिठ्ठी: 'तीन दिवस सस्पेंड.'

वाकून बघते तर आत फाटक्या परांचा!

"सर, हा मार खाणारा आहे!"

"मला काय माहीत? अवतार तर ह्याचाच गुंडासारखा होता!"

आमच्या तक्रारींची चौकशी करायलाही हेच बसतात, हे आठवून मी आणखी भडकले.

* * *

गेटवरचे बाळूकाका चांदवडचे. त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी कुस्करून टाकीत टाकली. पाणी पिठासारखं पांढरं! मी जेवण सोडून दोन तास पाणी उपसलं.

"काका, अक्कल आहे का?"

"मॅडम, उपाशी हायेत म्हनून भांडत्यात ते. पोट भरल्यावर कोन कशाला भांडंल?"

मी तोंडाला येईल ते बोलले. काकांनी उरलेली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. "तुमी बी खाऊन घ्या. मंग बोलू."

* * *

मग वास्तुवाले आले. टाकीमागे आरसा लावला की शांतता नांदेल म्हणे.

खरंच नांदली! चौघे निवांत फिरत होते, कारण जोडीतला नर दिवसभर आरशातल्या स्वतःलाच धडका देत होता. संध्याकाळी त्याचं तोंड सोललेलं. आरसा मी ओढून काढला आणि वास्तुवाल्यांना फोन केला.

ते म्हणाले, "म्हणजे गुण आला!"

मी फोन आपटला. काच माझ्याच फोनची गेली.

* * *

शेवटी सुट्टीच्या दिवशी येऊन मी टाकीतले दगड, लाकूड, झाडं सगळं हलवलं. कोपरा ओळखूच येईना, त्यामुळे कुणाची हद्द कुठली हा प्रश्नच मिटला. चार दिवस सहाही मासे गुण्यागोविंदाने राहिले. मी पेढे आणायच्या बेतात होते.

पाचव्या दिवशी पुन्हा मारामारी! बघते तर प्रत्येक दगड जुन्या जागी.

आमच्याकडे ऑडिटच्या आधी प्रत्येक वस्तू ठरल्या जागी ठेवतात आणि ती जागा दाखवणारा फोटो शेजारी चिकटवतात. हाउसकीपिंगच्या मंगलमावशींनी टाकी फोटोबरहुकूम लावली होती.

"मावशी, कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. खाली 'तपासले' असं लिहून सही होती. माझी!

* * *

ऑडिटच्या दिवशी सकाळी त्या जोडीने पाइपावर अंडी घातली. आता तर नर पिसाळलाच. मी टाकीपुढे आडवी उभी राहिले, पण कस्टमरचे ऑडिटर मला बाजूला करून वाकले. साहेब ओशाळून म्हणाले, "उद्या काढतोय ही टाकी," आणि काचेवर टकटक केली.

नर सरळ साहेबांच्या बोटावर आला. काच नसती तर चावला असता!

साहेब दचकून मागे सरले.

"अंडी राखतोय," ऑडिटर म्हणाले. "जीव गेला तरी हलायचा नाही तो तिथून." आणि ते आत निघून गेले.

साहेब तिथेच उभे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, जाळी आजच लावा."

जाळी लावली. चौघे एका बाजूला, जोडी दुसऱ्या बाजूला. चार वाजता अंडी बघायला गेले, तर साहेब टाकीपुढे खुर्ची टाकून बसलेले. कुलकर्णी सर जिन्यात, बाळूकाका दाराबाहेर, मंगलमावशी फडकं हातात घेऊन भिंतीला चिकटलेल्या.

मी एक पाऊल पुढे टाकलं.

"लांबून!" साहेब असे ओरडले, की आत कारखान्यातली मशीनं थांबली.