पिवळ्या कार्डाचा शेजारी

दुसऱ्यावर संशय घेणारी माणसं जगात पायलीची पन्नास मिळतील. पण स्वतःलाच तपासणीसाठी अडवून ठेवून वर तसं कार्ड खिळ्याला टांगणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना नुकता सुरू झाला होता तेव्हाची ही गोष्ट. वसाहतीतल्या खोल्यांचा चुन्याचा वास अजून गेला नव्हता, दारापुढची कडुनिंबाची रोपं गुडघ्याएवढी होती आणि त्यांच्याभोवती रचलेल्या बाभळीच्या काट्यांत रोज कुणाचं तरी धोतर अडकायचं. मी साताऱ्याकडचा, बॉयलरवर. ते चिपळूणकडचे, तपासणी खात्यात. पहिल्या दिवशी मी "काय शेजारी" म्हणून हाक मारली, त्यांनी "बोला शेजारी" म्हणून ओ दिली, आणि पुढं तीस वर्षं आम्हाला एकमेकांच्या नावाची गरज पडली नाही.

तपासणी खातं म्हणजे कारखान्यातली सासू. आम्ही घाम गाळून माल काढायचा आणि यांनी त्याला पिवळं कार्ड लावून तो अडवून ठेवायचा. पिवळं म्हणजे तपासणी चालू आहे, कुणी हात लावू नये. माल उतरला तर हिरवं, नाही उतरला तर तांबडं. हिरव्या कार्डावर पास करणाऱ्याची सही लागायची, सहीशिवाय एक खोकं दाराबाहेर जायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नेम असा, की ज्यानं माल केला त्यानं तो पास करायचा नाही. पास करणारा दुसराच हवा. हा नेम शेजाऱ्यांनी मला, माझ्या बायकोला, दूधवाल्याला आणि एकदा सत्यनारायण सांगायला आलेल्या भटजींनाही ऐकवला होता. भटजींनी स्वतःच पूजा सांगितली आणि स्वतःच "यथासांग पार पडली" म्हणून जाहीर केलं, ते काही त्यांना पटलं नव्हतं.

कारखान्यातलं हे वेड ते डब्यात घालून घरी आणायचे. चहा घेण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग बशीत ओतून तो इतका वेळ न्याहाळायचे की चहाचं सरबत व्हायचं. कारखान्यात प्रत्येक मालाचा एक नमुना वर्षभर जपून ठेवतात, उद्या तक्रार आली तर बघायला असावा म्हणून. यांनी दिवाळीच्या फराळाचा एकेक नग बाटलीत घालून, तारीख टाकून कपाटात ठेवला. पुढं पंधरा दिवसांत असा वास सुटला की मी काठी घेऊन मेलेला उंदीर शोधायला गेलो. त्यांनी शांतपणे एक बाटली पुढं केली. "उंदीर नाही शेजारी, करंजी आहे. ओल्या नारळाची. निरीक्षणाखाली आहे."

वहिनी जवळच्या कुरुळी गावच्या. चिपळूणच्या माणसाला कुरुळीची बायको कुठल्या मामानं बघून दिली कोण जाणे, पण जोडी झकास होती. वहिनींना अक्षरओळख नव्हती, मात्र भुईमुगाची शेंग कानाशी हलवून आत किती दाणे आहेत ते सांगायच्या. नवऱ्याच्या तऱ्हा त्या तोंडाला पदर लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "आमच्याकडं बैल असं करतो. पाणी पाजायला न्यावं तर आधी हुंगत बसतो." लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, पण दोघांचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मला त्याचा हेवा वाटायचा, आता सांगायला हरकत नाही.

मग ते हसणं थांबलं. शेजारी ओसरीवर चटई टाकून निजायला लागले. त्यांचा टॉवेल वेगळा, कपबशी वेगळी, बादलीला सुतळी बांधून तीही वेगळी. आमच्या हिनं एकदा विरजण मागायला म्हणून आत पाऊल टाकलं तर खाटेच्या वरच्या खिळ्याला पिवळं कार्ड. कारखान्यातलं कोरं कार्ड, त्यावर काही लिहिलेलं नाही, नुसतं टांगलेलं. चार महिने ते तसंच होतं. नवरा सांगत नाही आणि बायको विचारत नाही, असा सगळा मामला.

शेवटी वहिनींनी आमच्या हिला विचारलं, "अक्का, कारखान्यात पिवळं कार्ड कशाला लावत्यात?" आमची ही भाबडी. म्हणाली, तपासणी चालू असली की लावतात, हात लावायचा नसतो. "आन् मग?" मग पास झालं तर हिरवं, नाही तर तांबडं. "तांबड्याचं काय करत्यात?" परत पाठवतात, ही म्हणाली. वहिनी एवढंच म्हणाल्या, "व्हय का." त्या दिवसापासून त्यांनी ट्रंक भरायला घेतली. तीन वर्षांत कूस उजवली नाही, म्हणून नवऱ्यानं आपल्याला तपासणीला लावलंय आणि आता तांबडं कार्ड लागायचीच वाट आहे, असं त्या बाईनं धरलं. तांबडं लागण्याआधी आपणच कुरुळीला निघून जावं, तेवढीच इज्जत राहील. रविवारी सकाळच्या एस.टी.नं त्या जाणार होत्या, कायमच्या. नवऱ्याला त्यांनी बहिणीकडं बारसं आहे असं सांगितलं होतं आणि या शहाण्यानं ते विनातपासणी पास केलं होतं.

वहिनींनी शेवटी हिच्यापाशी मन मोकळं केलं आणि शनिवारी सकाळी हिनं मला हे सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी दुपारच्या सुट्टीत शेजाऱ्यांना पवनेच्या काठी नेलं आणि सरळ विचारलं, "शेजारी, बायको टाकताय काय?" ते इतके दचकले की हातातला डबा पाण्यात जाता जाता वाचला. म्हणाले, "कार्ड तिचं नाही हो. माझं आहे."

मग कळलं ते असं. त्यांना नको त्या जागी बारीक फोडांचा झुबका उठला होता. आग, ठणका, वर कणकण. गरमीचा गुप्तरोगच झाला अशा समजुतीनं ते मेल्याहून मेल्यासारखे होऊन दवाखान्यात गेले. लग्नाआधी मुंबईला खानावळीत जेवत असताना एकदा मित्रांच्या नादानं नको तिथं गेले होते, ते सगळं डोळ्यांपुढं आलं. रक्त तपासलं, गरमी नव्हती. डॉक्टर म्हणाले, हा हर्पिस. यांनी लगेच दंड पुढं केला, "मग पेनिसिलीन टोचा, घरचंच तर आहे." डॉक्टर म्हणाले, "तुमचं पेनिसिलीन याला ओळखतही नाही. हा विषाणू, जातकुळीच वेगळी. याला औषध नाही. फोड आपोआप बरे होतात, पण हा अंगात दडून राहतो आणि अधूनमधून डोकं वर काढतो." पेनिसिलीनच्या गावात राहून पेनिसिलीन चालत नाही असा आजार व्हावा, याचं शेजाऱ्यांना भयापेक्षा कुतूहलच जास्त वाटलं. मला सांगतानाही त्यांचे डोळे चमकत होते.

त्यांनी डॉक्टरांना काय काय विचारलं ते त्यांच्या वहीत लिहिलेलंच होतं. कपबशीतून जातो का? नाही. बादलीतून? नाही. खाटेच्या सुंभातून? नाही. टॉवेलातून? सहसा नाही, पण वेगळा ठेवलात तर कुणी मारणार नाही. डासातून? डास मलेरियाचा. एका ताटात जेवलं तर? जेवा. शेवटी डॉक्टर म्हणाले, "अहो, कातडीला कातडी भिडल्याशिवाय हा एका अंगातून दुसऱ्या अंगात जात नाही. मुंग्या यायला लागल्या, आग व्हायला लागली की लांब राहा. फोड असेपर्यंत जवळ जाऊ नका. खपली पडून कातडी कोरडी झाली की संसार करा. फारच भीती वाटत असेल तर रबरी साधन वापरा. आणि बायकोला सांगा. तीन वर्षांत तिला होऊन गेला असेल आणि कळलाही नसेल, किंवा झालाच नसेल. पण तिला माहीत हवं." यावर शेजाऱ्यांनी आणखी एक विचारलं होतं, तो वहीतला शेवटचा प्रश्न. नुसतं शेजारी बसलं तर? डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला म्हणे, आणि म्हणाले, "बसा. रोज बसा."

"मग बसत का नाही?" मी विचारलं. फोड जाऊन तीन महिने झाले होते. शेजारी वही मिटून म्हणाले, "डॉक्टरांना मी विचारलं, आता अंगात नाही असं लिहून देता का? ते नाही म्हणाले. याची तपासणी संपतच नाही शेजारी. संपल्याशिवाय हिरवं कसं लावू? आणि तिला काय सांगू, मुंबईला काय केलं ते?" मला त्यांची दया आली आणि रागही आला. मी म्हटलं, "हजार बाटल्यांतल्या दहा फोडून बघता आणि नऊशे नव्वद डोळे झाकून बाहेर सोडता, तेव्हा कुठं जातो हा काटेकोरपणा? उद्या सकाळी ती कुरुळीला चाललीय. बारशाला नाही, कायमची." माणूस पांढराफटक पडला. एवढा तपासणीतला माणूस, पण घरात चार महिने काय चाललंय ते त्यानं तपासलंच नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी मला हात धरून बरोबर नेलं. मी आणि ही उंबऱ्यापाशी उभे राहिलो, कुठं बघावं कळेना म्हणून मी कपाटातल्या बाटल्या मोजत होतो. ट्रंक खाटेवर होती. त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं, मुंबईसकट, वहीतल्या प्रश्नांसकट. वहिनी ट्रंक सरकवून खाटेच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या, "मुंबईचं मी सावकाश बघते. त्याला लई येळ लागंल. आदी ह्ये सांगा, चार महिनं मी रोज ह्या कार्डाकडं बघून निजले, मला का न्हाई इचारलं?" ते म्हणाले, "तुला धोका नको म्हणून." "धोका मला हाय ना? मग ठरवायचं कुणी?" शेजारी वहीची पानं चाळायला लागले. वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुमच्याच कारखान्याचा नेम हाय, ज्यानं माल केला त्यानं पास करायचा न्हाई. तुमीच आजारी आन् तुमीच तपासनीस? ते चालायचं न्हाई."

शेजाऱ्यांच्या तोंडाकडं मी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा नेम त्यांच्यापेक्षा बरोबर लावला होता. ते म्हणाले, "हिरव्यावर सही लागते." वहिनी म्हणाल्या, "अंगठा चालंल का ते सांगा." आम्ही दोघं तिथून निघालो, कारण पुढं उभं राहण्यात अर्थ नव्हता. रविवारची एस.टी. वहिनींशिवाय गेली.

मंगळवारी दोघं मिळून डॉक्टरांकडं जाऊन आली, आणि वहिनींनी म्हणे नवऱ्यापेक्षा चार प्रश्न जास्त विचारले. तिथून पुढं घरात रीत पडली. मुंग्या आल्या की पिवळं त्यांनी लावायचं, हिरवं मात्र वहिनींनी. वही चालूच राहिली. जागरण झालं की हा आजार उठतो, ताप आला की उठतो, चिपळूणहून आई राहायला आली की हमखास उठतो, हा शोध त्यांनी मला फार मोठं गुपित म्हणून सांगितला. वहिनी महिनाभर मुंबईवरून भांडल्या, तेही आम्हाला भिंतीतून ऐकू आलं, आणि खरं सांगतो, त्या शांततेपेक्षा ते भांडण बरं वाटलं. मग एकदा पुन्हा हसू ऐकू आलं. फोड नसतानाही हा आजार कधीकधी लागू शकतो हे डॉक्टर लोक पुढं कितीतरी वर्षांनी सांगायला लागले. शेजारी ते छापलेलं वाचून धावत घरी गेले, तर वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "मी शंका धरूनच पास केलं हुतं." अंगठा बरा दिसत नाही म्हणून त्या हिवाळ्यात शेजाऱ्यांनी त्यांना पाटीवर सही शिकवली. पहिली सही त्यांनी हिरव्या कार्डावर केली, वाकडी, पण वाचता येण्यासारखी.

निवृत्त झाल्यावर ती दोघं कुरुळीला राहायला गेली. शेजाऱ्यांच्या छातीत पाणी झालं तेव्हा त्यांना पुण्याच्या इस्पितळात आणलं होतं. मी भेटायला गेलो. नर्सनं सगळ्यांना लांब उभं केलं होतं, जवळ जाऊ नका, हात लावू नका. वहिनींनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग कमरेची चंची सोडून त्यातून घडी घातलेलं एक कार्ड काढलं, कडेचा रंग उडालेलं, मधे अजून हिरवं. ते त्यांनी खाटेच्या दांडीला सुतळीनं बांधलं आणि स्टूल ओढून हात हातात घेऊन बसल्या. नर्स पुढच्या खाटेकडं वळली.

शेजाऱ्यांनी डोळे उघडले. कार्ड बराच वेळ न्याहाळलं, चहा न्याहाळायचे तसं. मग बारीक आवाजात विचारलं, "सही कुणाची?"

"माझी," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाची आसंल?"

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी दाराशी उभा होतो. काय शेजारी, म्हणून हाक मारायची होती, पण मारली नाही. वहिनी शेजाऱ्यांच्या शेजारी बसल्या होत्या.