टीशर्ट घातलेला बुधला

मंजिरीचा फोन आला तेव्हा मी तिच्या नवऱ्याच्या, शिरीषच्याच बाटल्या धूत होते. त्याच्या घरची बिअर प्यायली की बाटली लगेच विसळून ठेवायची आणि पुढच्या खेपेला परत न्यायची, हा त्याचा नियम होता. विसरलात, तर पुढच्या घाण्यातून तुमचं नाव कट. बॅचला तो घाणाच म्हणायचा, चकल्या तळत असल्यासारखा. शनिवारची सकाळ होती, सिएटलजवळच्या आमच्या बॉथेलमध्ये क्वचित पडतं तसं लख्ख ऊन पडलं होतं. मंजिरी म्हणाली, "मेधा, शिरीष गेला गं." आणि मी, शहाणीसुरती बाई, तिला म्हणाले, "अगं, पण मी दुपारी बाटल्या घेऊन येतेय ना." तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग मला कळलं... म्हणजे कानांना कळलं. नदीकाठच्या वाटेवर सायकल चालवताना तो थांबला, बाकावर बसून पाणी प्यायला आणि बसल्याजागीच गेला. चाळिशी नुकती ओलांडलेला, सिगरेट न ओढणारा, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा माणूस. सहा आठवडे झाले, तरी मला हे वाक्य अजून दुसऱ्या कुणाबद्दलचं वाटतं.

आमची ओळख तीन वर्षांपूर्वीची, इथल्या मंडळाच्या गणपतीतली. आरतीनंतर सगळे प्रसादाच्या रांगेत असताना हा उंच, किंचित वाकलेला नागपूरकर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तुम्ही यीस्टवर काम करता असं कळलं. माझं यीस्ट आळशी झालंय." मी बायोटेक कंपनीत काम करते, यीस्ट माझ्या रोजच्या पोटापाण्याचं आहे, पण गणपतीसमोर त्याची तब्येत कुणी विचारली नव्हती. पुढच्या आठवड्यात मी त्याच्या गॅरेजमध्ये होते. गाडी बाहेर पावसात आणि आत पातेली, नळ्या, सातूच्या मोडांची पोती. मधोमध एक भला मोठा काचेचा बुधला, त्याला शिरीषचा नागपूरच्या कॉलेजातला जुना टीशर्ट घातलेला. उजेड लागला की बिअर नासते, म्हणून हा अंगरखा. बुधल्याच्या तोंडाशी पाण्याची छोटी नळी, तिच्यातून आतला वायू बाहेर पडताना आवाज यायचा... बुडुक. थोडं थांबून पुन्हा बुडुक.

त्याला हे वेड लागलं इंग्लंडमध्ये. कंपनीनं त्याला यॉर्कशरमधल्या एका गावात दोन वर्षं पाठवलं होतं. पहिल्या हिवाळ्यात एकटा, घरी फोन करून रडकुंडीला येणारा हा मुलगा कोपऱ्यावरच्या पबमध्ये जाऊन बसू लागला. तिथे त्याला बिटर नावाची बिअर भेटली. तांबूस, कमी गॅसची, हातपंपानं तळघरातून ओढून काढलेली, कोमट म्हणावी इतपतच गार. तिथल्या म्हाताऱ्यांनी त्याला शिकवलं की प्रत्येक गावाची ब्रुअरी वेगळी, तिचं पाणी वेगळं, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं यीस्ट वेगळं, आणि डोंगरापलीकडच्या गावची बिअर म्हणजे परक्याची. "आपल्याकडे सावजी रस्सा नाही का घराघराचा वेगळा," शिरीष म्हणायचा, "तसंच आहे ते." इंग्लंडच्या उत्तरेकडे ग्लासावर सायीसारखा फेस लागतो, दक्षिणेत फेस दिसला की गिऱ्हाईक ग्लास परत करतं, यावर तो इतक्या तळमळीनं बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातलाच वाद आहे. अमेरिकेत आल्यावर ती चव मिळेना. सिएटलमधल्या एका दुकानात काही इंग्लिश बाटल्या यायच्या, पण त्या प्रवासानं दमलेल्या असतात असं त्याचं म्हणणं. इथल्या, हॉप्सच्या कडू फुलांनी ठासून भरलेल्या बिअर तर त्याला चालतच नसत. ही बिअर ओरडते, मला बोलणारी पाहिजे, म्हणायचा. म्हणून मग गॅरेज. आमचं पाणी फार मऊ, क्षार कमी, म्हणून त्यात जिप्सम घाल, यीस्टला उबारा हवा म्हणून बुधल्याला टीशर्टावरून शाल गुंडाळ. मंजिरी म्हणायची, माझ्या सर्दीला त्यानं कधी एवढं जपलं नाही.

मी तोवर बिअर म्हणजे बर्फासारखी गार, तोंड वाकडं करून गिळायची गोष्ट समजत होते. त्यानं दिलेली पहिली बाटली मी घरी नेऊन इमानेइतबारे फ्रिजमध्ये ठेवली आणि वर त्याला ते सांगितलंही. "काय बे, बर्फ पिऊन राहिली का तू?" शिरीष कळवळून म्हणाला. गार केली की जीभ बधिर होते आणि बधिर जिभेला सगळं सारखंच लागतं. तासभर आधी ओट्यावर काढून ठेवायची, हा त्याचा दुसरा नियम. मी तो पाळला, आणि खरोखर बिस्किटासारखी, मातीसारखी, थोडी सुक्या फळांसारखी अशी एकेक चव येत गेली. तेव्हापासून दर घाण्याची पहिली बाटली मंजिरीची, दुसरी माझी. माझा पुणेरी शेरा ऐकल्याशिवाय तो तिसरी उघडायचा नाही. बरी आहे, एवढं मी म्हटलं की स्वारी खूष.

त्या शनिवारी आम्ही हॉस्पिटलमधून परतलो. मंजिरी आत जाऊन झोपली, झोपली म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडली. मी पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणायला म्हणून गॅरेजचं दार उघडलं. बुडुक. त्यानं आदल्याच दिवशी नवा घाणा लावला होता. तो शवागारात होता आणि त्यानं चमच्यानं ढवळलेलं यीस्ट जोमात काम करत होतं, बुडुक, बुडुक, बुडुक... मी हे रोज सूक्ष्मदर्शकातून बघते. पेशी कुणासाठी थांबत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. तरीही मला त्या बुधल्याचा भयंकर राग आला, आणि मग त्याच टीशर्टात तोंड खुपसून मी रडले.

शिरीषचे बाबा नागपूरहून यायचे होते. आई तो कॉलेजात असतानाच गेली होती. त्या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदाच लेकाकडे येणार होते, म्हणून व्हिसा तयार होता, फक्त तिकीट अलीकडचं काढलं. रोज पहाटे पूजा करणारे, निवृत्त शाळामास्तर. मग आपल्याकडे जे होतं ते झालं. मंडळाची मित्रमंडळी न बोलावता कामाला लागली. बाटल्या, ग्लास, हातपंप, भिंतीवरच्या पबच्या पत्र्याच्या पाट्या, सगळं खोक्यांत भरून माझ्या घरी आलं. म्हाताऱ्या माणसाला आणखी एक धक्का नको, असं सगळ्यांचं एकमत, आणि मीही पेट्या उचलत होते. फक्त बुधला राहिला. तो ओतून टाकायला कुणाचा हात होईना. शेवटी त्याचा टीशर्ट काढला आणि त्यावर मंजिरीची सोलापुरी चादर घातली. विचारलंच, तर वॉटर हीटर म्हणून सांगायचं ठरलं.

बाबा आले. लेकाला पाहिलं, अग्नी दिला. डोळ्यांत पाणी नाही, फक्त हात सारखे कशाला तरी धरायला जायचे आणि परत यायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरभर हिंडले. मी मागे मागे. प्रत्येक खोलीत थोडं थांबायचे, काहीतरी शोधल्यासारखे. गॅरेजमध्ये आले. आता फुगे सावकाश येत होते. बराच वेळ काहीच नाही... आणि मग बुडुक. बाबा चादरीकडे वळले. मी वॉटर हीटर म्हणायला तोंड उघडणार, तोच त्यांनी विचारलं, "याचा टीशर्ट कुठे गेला?"

मी विचारलं, "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"दर रविवारी ऐकवायचा ना," ते म्हणाले. "फोन याच्यापाशी धरायचा. म्हणायचा, बाबा, ऐका, जिवंत आहे."

लेक त्यांना सगळं सांगत होता. यॉर्कशर, तळघरं, परक्या गावची बिअर, माझे शेरेसुद्धा. त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता आणि घेणारही नव्हते, पण नागपुरात खुर्चीवर बसून दर आठवड्याला हा आवाज ऐकत होते. आणि आम्ही शहाण्यांनी त्यांचा मुलगा खोक्यांत भरून हलवला होता. त्यांना या घरात तो कुठे सापडणार होता? मी धावत घरी गेले आणि गाडीत मावेल ते सगळं परत आणलं. टीशर्ट बाबांनी स्वतः बुधल्याला चढवला, बाह्या नीट केल्या, आणि तेव्हा, त्या थंड गॅरेजमध्ये, ते पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

आवाज पुरता थांबल्यावर आम्ही बिअर बाटल्यांत भरली. सुतकात हे काय, असं कुणीतरी कुजबुजलंच. त्याचं अर्धं राहिलेलं काम आहे, पुरं करायला हवं, एवढंच बाबा म्हणाले. मी नळी धरली, मंजिरीनं बाटलीमागे चिमूटभर साखर घातली, बाबांनी एकेक झाकण दाबून बसवलं. बाटलीत ते यीस्ट पुन्हा जागं होतं, त्याला तीनेक आठवडे द्यावे लागतात. तेवढं थांबणं बाबांना शक्य नव्हतं. अस्थी घेऊन ते परत गेले.

गेल्या रविवारी मी मंजिरीकडे गेले. तिनं दोन बाटल्या ओट्यावर काढून ठेवल्या होत्या. पहिली तिची, दुसरी माझी. आम्ही नागपूरला फोन लावला. मंजिरीनं तो बाटलीपाशी धरला आणि मी झाकण उघडलं. अगदी हलका आवाज आला, त्याला आवडायचा तेवढाच. मी पहिला घोट घेतला. चांगली झाली होती... इतकी चांगली त्याची कधीच झाली नव्हती, आणि ते ऐकायला तो नव्हता. पलीकडून बाबांनी विचारलं, "गार नाही ना केलीस?"